वाऱ्यावर लावलेला दिवा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



वाऱ्याचं आणि दिव्याचं वैर आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. तिन्हीसांजेला तुळशीपाशी निरांजन न्यायचं म्हटलं की आधी हाताचा आडोसा धरायचा. त्याच वाऱ्याकडून दिवा लावून घ्यायचा आणि तोसुद्धा घरी बनवलेल्या यंत्रानं, हा आजच्या बोलण्याचा विषय आहे.

पवनचक्की म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या किंवा पाटणजवळच्या वनकुसवड्याच्या पठारावरच्या अवाढव्य चक्क्या येतात. त्यांची वीज तारांवाटे राज्याच्या जाळ्यात जाते. मी ज्या चक्कीबद्दल बोलणार आहे ती त्यांच्यापुढे खेळणंच म्हणावी इतकी लहान. तिची पाती गावचा सुतार तासू शकतो, सांगाडा वेल्डिंगच्या दुकानात तयार होतो आणि तिची वीज ती जिथं उभी असते त्याच घरात वापरली जाते. महामंडळाची तार तिथं पोचलेली असो वा नसो.

ही कल्पना आजची नाही. १८८७ साली स्कॉटलंडमध्ये जेम्स ब्लाइथ नावाच्या प्राध्यापकांनी मेरीकर्क या गावातल्या आपल्या सुटीच्या घराच्या बागेत एक चक्की उभी केली. तिला शिडासारखी कापडी पाती होती. तिनं बॅटऱ्या भरल्या आणि घरात विजेचे दिवे लागले. उरलेली वीज गावच्या रस्त्यावरच्या दिव्यांसाठी देतो, असं ते म्हणाले. गावकऱ्यांनी मात्र हे सैतानाचं काम आहे म्हणून ती नाकारली, असं सांगतात.

पुढं १८९१ मध्ये डेन्मार्कमधल्या आस्कोव्ह गावी पोल ला कूर या शिक्षकानं प्रयोगाची चक्की उभारली. शेतकऱ्यांच्या मुलामुलींसाठी चालणाऱ्या लोकशाळेत ते शिकवत असत. वाऱ्याची वीज साठवायची कशी, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यांनी त्या विजेनं पाण्याचं पृथक्करण केलं, हायड्रोजन वायू टाकीत साठवला आणि त्यावर शाळेतले दिवे पेटवले. आणखी एक महत्त्वाची गोष्ट त्यांच्या लक्षात आली. पुष्कळ पात्यांच्या संथ चक्कीपेक्षा थोड्या पात्यांची वेगानं फिरणारी चक्की विजेसाठी अधिक चांगली. आजही घरगुती चक्कीला तीनच पाती असतात, त्यामागं हाच अनुभव आहे. खेड्यापाड्यांत वीज नेणारे तंत्रज्ञ तयार व्हावेत म्हणून त्यांनी शिक्षणवर्गही चालवले.

तिसरं उदाहरण अमेरिकेचं. मोंटाना राज्यातल्या एका दूरच्या कुरणावर वाढलेल्या मार्सेलस आणि ज्यो जेकब्ज या भावांनी १९२० च्या दशकात तीन पात्यांची चक्की बनवली. पुढं त्यांनी कारखाना काढला आणि हजारो शेतघरांवर त्यांच्या चक्क्या फिरू लागल्या. १९३६ च्या ग्रामीण विद्युतीकरणाच्या कायद्यानंतर मात्र शेतांवर तारा येऊ लागल्या आणि १९५० च्या दशकात तो कारखाना बंद पडला.

या गोष्टीत एक सूत्र आहे. लहान चक्की तार पोचत नाही तिथं जन्मते आणि तार आली की बहुधा मागं पडते. म्हणूनच ती आज कुठं टिकून आहे हे पाहण्यासारखं आहे.

स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावर स्कोरेग नावाचं एक भूशिर आहे. तिथं रस्ता जात नाही. होडीनं जायचं, नाहीतर डोंगरकडेनं काही मैल चालायचं. तिथं राहणारे ह्यू पिगट हे १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून घरगुती चक्क्या बनवत आले. सुरुवातीला भंगारातल्या वस्तू, मग जुन्या गाड्यांचे ब्रेक-ड्रम आणि पुढं शक्तिशाली लोहचुंबक वापरून त्यांनी एक रचना बसवली आणि ती कुणालाही करता येईल अशा रीतीनं पुस्तकांतून लिहून काढली. आज जगात अनेक ठिकाणी कार्यशाळांमधून लोक आठवडाभरात जी चक्की बनवतात, ती बहुतेक त्यांच्याच रचनेवर बेतलेली असते.

दुसरी गोष्ट आफ्रिकेतल्या मलावी देशाची. २००१-०२ मध्ये तिथं मोठा दुष्काळ पडला. विल्यम कामक्वाम्बा हा शेतकऱ्याचा मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा होता. फी भरता येईना म्हणून त्याची शाळा सुटली. गावच्या प्राथमिक शाळेच्या छोट्याशा वाचनालयात त्याला विज्ञानाचं एक पुस्तक मिळालं. त्यात पवनचक्क्यांचं चित्र होतं. इंग्रजी बेताचंच, त्यामुळं त्यानं आकृत्यांवरून अंदाज बांधला. ट्रॅक्टरचा पंखा, सायकलची चौकट, डायनॅमो, गरम करून सपाट केलेला प्लास्टिकचा नळ आणि झाडांच्या खोडांचा मनोरा एवढ्या सामानावर त्यानं चक्की उभी केली. लोक आधी त्याला वेड्यात काढत होते. दिवा लागल्यावर तेच लोक मोबाइल चार्ज करायला रांगेत उभे राहू लागले.

या मुलाची मला सगळ्यांत भावलेली गोष्ट दिवा लागल्यानंतरची आहे. घर गवतानं शाकारलेलं. तारा एकमेकींना चिकटल्या तर छप्पर पेटेल, हे त्याच्या ध्यानात आलं. तेव्हा त्यानं खिळे, तार आणि लोहचुंबक वापरून प्रवाह वाढताच आपोआप तुटणारी खटकी तयार केली. २००७ मध्ये टांझानियातल्या आरुषा इथल्या परिषदेत त्यानं आपली हकिकत सांगितली. २००९ मध्ये पुस्तक आलं आणि २०१९ मध्ये त्यावर चित्रपटही निघाला.

आता वळू या यंत्राकडे. वाऱ्यापासून किती वीज मिळेल हे दोनच गोष्टी ठरवतात, पाती फिरताना व्यापतात ते वर्तुळ आणि वाऱ्याचा वेग. वर्तुळाचा व्यास दुप्पट केला तर वीज चौपट होते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर मात्र ती आठपट होते. सगळी मेख या आठपटीत आहे.

एक उदाहरण घेऊ. आठ फूट, म्हणजे सुमारे २.४ मीटर व्यासाची चक्की आहे. वारा सेकंदाला ४ मीटर, म्हणजे ताशी साधारण १४ किलोमीटर वेगानं वाहतो आहे. त्या वर्तुळातून जाणाऱ्या वाऱ्यात सुमारे १७५ वॅट शक्ती असते. ती सगळी काढून घेता येत नाही, कारण सगळी काढली तर वारा चक्कीमागं थिजून राहील आणि पुढचा वारा येणारच नाही. आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं सुमारे शंभर वर्षांपूर्वी गणित करून दाखवलं की जास्तीत जास्त ५९ टक्के शक्ती घेता येईल. घरगुती चक्कीला पाव हिस्सा मिळाला तरी ती उत्तम. म्हणजे हाती येतात चाळीस-पंचेचाळीस वॅट. हाच वारा सेकंदाला ८ मीटर झाला तर साडेतीनशे वॅट मिळतात. आणि २ मीटरवर उतरला तर? पाती डौलानं फिरताना दिसतील, पण बॅटरीत काहीच जाणार नाही.

जिथं वाऱ्याची वर्षभराची सरासरी ४ मीटर आहे अशा जागी ही चक्की दिवसाला सरासरी दीडएक युनिट देईल. हे कमी वाटतं का? हिशेब करून पाहा. ९ वॅटचे चार एलईडी दिवे पाच तास, कमी वीज खाणारा ३० वॅटचा पंखा आठ तास, लहान टीव्ही तीन तास आणि चार मोबाइल. सगळं मिळून पाऊण युनिटाच्या आत बसतं. इस्त्री, गीझर, पाण्याची मोटार यांची नावं मात्र काढायची नाहीत.

चक्कीचं हृदय म्हणजे जनित्र. पुष्कळ हौशी लोक गाडीच्या अल्टरनेटरपासून सुरुवात करतात. तो मिनिटाला हजारावर फेरे घेतल्याशिवाय धड वीज देत नाही, आणि चक्की तर तीन-चारशे फेऱ्यांची. शिवाय त्याला स्वतःचं चुंबकत्व टिकवायला बॅटरीतूनच वीज लागते. नेहमीच्या छताच्या पंख्याच्या मोटारीत कायमचा चुंबकच नसतो. सायकलचा डायनॅमो चालतो, पण त्यातून जेमतेम ३ वॅट निघतात. म्हणून जनित्र घरीच बनवलेलं बरं, आणि ते वाटतं तितकं अवघड नाही.

लोखंडाच्या दोन जाड चकत्या घ्यायच्या. प्रत्येकीवर कडेनं बारा निओडायमियम चुंबक बसवायचे, एक उत्तर ध्रुव वर, पुढचा दक्षिण ध्रुव वर, असे आळीपाळीनं. या दोन चकत्या समोरासमोर, मध्ये थोडी फट ठेवून, गाडीच्या चाकाच्या हबवर बसवायच्या. हबची बेअरिंग फिरण्याचा आणि भार पेलण्याचा प्रश्न सोडवतात. फटीमध्ये न फिरणारी तिसरी चकती असते. तांब्याच्या मुलामा दिलेल्या तारेची नऊ वेटोळी साच्यात मांडून त्यावर रेझिन ओतलं की ती तयार होते. चुंबक वेटोळ्यांवरून फिरले की त्यांत तीन फेजची वीज निर्माण होते. मोटार रिवाइंडिंग करणाऱ्या कारागिराला यातलं काहीच नवीन नाही. रेक्टिफायरमधून ही वीज एकाच दिशेची होते आणि बॅटरीत जाते.

पाती लाकडाची करतात. लाकूड हलकं, वाळलेलं, सरळ रेषांचं हवं. गाठ असेल तिथंच ते मोडतं. पातं मुळाशी रुंद आणि अधिक तिरकं, तर टोकाकडे अरुंद आणि जवळजवळ सपाट असतं. टोक मुळापेक्षा कितीतरी वेगानं फिरतं, म्हणून हा पीळ द्यावा लागतो. तिन्ही पात्यांचं वजन आणि तोल जुळला नाही तर चक्की थरथरत राहते आणि वर्षभरात स्वतःलाच खिळखिळी करते.

आता शेपटाविषयी. लोकांना वाटतं शेपूट चक्कीला वाऱ्याकडे वळवण्यासाठी असतं. ते खरंच, पण त्याहून मोठं काम म्हणजे वादळात तिला वाऱ्याकडून बाजूला वळवणं. चक्की मनोऱ्याच्या अगदी मध्यावर न बसवता थोडी बाजूला बसवतात आणि शेपटाची बिजागरी तिरकी ठेवतात. वारा बेताचा असेल तेव्हा शेपटाचं वजन चक्कीला समोर धरून ठेवतं. वारा वाढला की शेपूट वर उचललं जातं आणि चक्की तोंड फिरवते. वारा ओसरला की शेपूट आपल्या वजनानं खाली येतं. ना स्प्रिंग, ना इलेक्ट्रॉनिक्स.

हे सांगण्याचं कारण, चक्की बिघडते ती बहुतेक वाऱ्याच्या अभावानं नव्हे, त्याच्या अतिरेकानं. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर 'निसर्ग' चक्रीवादळ आलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढं गेला. अशा वाऱ्यात नेहमीच्या चांगल्या वाऱ्याच्या पन्नासपट शक्ती असते. ती घरगुती चक्कीला पेलवेलच असं नाही. म्हणून मनोरा बिजागरीवर आडवा करता येणारा, चारी बाजूंनी तारांनी ताणलेला हवा. वादळाची सूचना आली की तो खाली घ्यायचा. भात झोडून झाल्यावर खळं झाकावं तितक्या सहजपणे हे काम जमायला हवं.

मनोऱ्याची उंची हा दुसरा महत्त्वाचा मुद्दा. आसपासच्या शंभर मीटरमधल्या सर्वांत उंच झाडापेक्षा किंवा घरापेक्षा पाती निदान १० मीटर वर असावीत. त्याखालचा वारा घुसळलेला असतो. तो वीज देत नाही, फक्त यंत्र झिजवतो. आणि कृपा करून चक्की घराच्या गच्चीवर लावू नका. तिथं वारा फाटतो, आणि तिची थरथर भिंतीतून रात्रभर ऐकू येते.

धोक्यांबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. सेकंदाला ८ मीटर वाऱ्यात पात्याचं टोक ताशी पावणेदोनशे किलोमीटर वेगानं फिरत असतं. त्याखाली मुलांचं खेळणं किंवा गुरं बांधणं नको. निओडायमियमचे दोन चुंबक एकमेकांवर आपटले तर मधलं बोट चिरडतं. हृदयात पेसमेकर असलेल्यांनी त्यांच्यापासून लांबच राहावं. रेझिनचं काम उघड्यावर करावं. बॅटरी भरल्यावर चक्कीचा भार काढून टाकला तर ती मोकाट सुटते, म्हणून जास्तीची वीज पाणी तापवणाऱ्या एखाद्या हीटरकडे वळवणारा कंट्रोलर लागतोच. बॅटरीच्या जवळ योग्य फ्यूज आणि मनोऱ्याला चांगलं अर्थिंग, यांत काटकसर नको.

आता तुमच्या मनातला प्रश्न. सौर पॅनेल इतकी स्वस्त झाली असताना हा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर टाळता येणार नाही. बहुतेक घरांसाठी उत्तर असं की आधी सौर पॅनेलच लावा. त्यात फिरणारा भाग नाही, ते पुसलं की झालं. वाडी खोलगट जागी असेल, भोवती आंबे-फणसांची दाटी असेल, तर चक्कीचा विचारसुद्धा करू नका.

पण आपल्याकडे एक वेगळी गोष्ट आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सह्याद्रीच्या माथ्यावर आणि कोकणात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. नेमकं तेव्हाच झाडं पडून वीज जाते, वाटा बंद होतात आणि नेमका तेव्हाच वारा सर्वांत जोरात वाहतो. महाराष्ट्रातल्या चक्क्यांची वर्षाची बरीचशी वीज या चार महिन्यांतच तयार होते. दिवाळीनंतर वारा पडतो, तोवर ऊन स्वच्छ झालेलं असतं. पठारावरचा धनगरवाडा, घाटमाथ्यावरची एकाकी वस्ती, समुद्राकडे तोंड करून असलेला सडा, अशा जागी पॅनेल आणि चक्की ही जोडी एकमेकांची उणीव भरून काढते. साप-विंचवाच्या दिवसांत, बाळंतीण घरात असताना रात्री एक खात्रीचा दिवा असणं म्हणजे काय, हे ज्या वस्त्यांनी कंदिलाच्या उजेडात पावसाळे काढले त्यांना सांगावं लागत नाही. दोन चांगल्या बॅटऱ्या असल्या तर वारा पडला तरी दोन रात्री निभावतात.

मात्र एक अट आहे. चक्की बनवणं जमतं, टिकवणं अवघड असतं. बेअरिंगला ग्रीस, पात्यांना रंग, तारांचा ताण, बॅटरीचं पाणी हे सगळं वर्षातून दोनदा कुणीतरी पाहायलाच हवं, आणि त्यातला एक मुहूर्त मे महिन्यातला हवा. देणगीत मिळालेलं यंत्र पहिल्या बिघाडाला गंजत पडतं, कारण ते उघडायचं धाडस गावात कुणालाच होत नाही. स्वतः तार गुंडाळलेल्या माणसाला ती भीती नसते. घरी चक्की बनवण्याचा खरा फायदा हाच आहे. वाचणारे पैसे त्यापुढं थोडेच.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हातानं काम करता करता विज्ञान शिकायचं, ही तिथली पद्धत. चक्की या शिक्षणासाठी अगदी योग्य वस्तू आहे. तिच्यात सुतारकाम आहे, वेल्डिंग आहे, वीज आहे आणि आठवी-नववीचं गणितही आहे. एखाद्या आयटीआयच्या किंवा माध्यमिक शाळेच्या मुलांनी एक चक्की बनवून जवळच्या वस्तीवर उभी केली आणि वस्तीतल्या दोघा-तिघांना सोबत घेऊन ती केली, तर ती टिकेल. वस्तीतलं कुणी सोबत नसेल, तर उभी करू नये.

शेवटी ज्यांना हे करून पाहावंसं वाटतं आहे त्यांच्यासाठी एक सूचना. लोहचुंबक, तार, लाकूड यांतलं काहीही विकत घेण्याआधी वारा मोजा. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेनं देशाचे वाऱ्याचे नकाशे तयार केले आहेत, त्यावरून आपल्या भागाचा अंदाज येतो. पण नकाशाला तुमच्या आवारातली चिंच दिसत नाही. म्हणून एका उंच बांबूला वारा मोजण्याचं साधं उपकरण लावा आणि निदान एक वर्षभर, सकाळ-संध्याकाळ, वहीत नोंद करा. हे काम घरातल्या शाळकरी मुलीकडे किंवा मुलाकडे द्या. वर्षाच्या शेवटी ती वही सांगेल की चक्की करायची की नाही. आणि वही 'नको' म्हणाली तर तिचं ऐका, त्या पैशांत आणखी एक सौर पॅनेल येईल.